चीनने अडवलं चुंबक, झळ पुण्याला. अन् घरातल्या चुंबकाचं काय?

ई-स्कूटरचा विषय निघाला की बोलणं बॅटरीवर येऊन थांबतं. पण २०२५ मध्ये कारखानदारांना घाम फोडला तो मोटरीतल्या चुंबकाने.

४ एप्रिल २०२५ रोजी चीनने सात दुर्मिळ धातू आणि त्यांची चुंबकं परदेशी पाठवायला परवाना सक्तीचा केला. जगातली अशी सुमारे ९० टक्के चुंबकं चीनमध्येच बनतात. परवाने रखडले आणि झळ थेट पुण्यापर्यंत आली. ऑगस्टमध्ये ई-स्कूटरचं उत्पादन शून्यावर येऊ शकतं, असा इशारा बजाज ऑटोला द्यावा लागला.

हे चुंबक निओडिमियम, लोखंड आणि बोरॉन मिळून बनतं. आकाराने बटणाएवढं, पण साध्या काळ्या चुंबकापेक्षा कितीतरी पट ताकदवान. मोबाईलच्या स्पीकरपासून पवनचक्कीपर्यंत त्याचा वापर होतो.

मग कच्चा माल आपल्याकडे नाही का? आहे. केरळ, तमिळनाडू, ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या वाळूत मोनाझाइट सापडतं. पण त्यात थोरियम हा किरणोत्सारी धातू असल्याने उपशावर कडक नियम आहेत. शिवाय वाळूपासून धातू आणि धातूपासून चुंबक बनवणारे मोठे कारखानेच उभे राहिले नाहीत. खरी अडचण तिथे आहे.

२६ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्राने यासाठी ७,२८० कोटींची योजना मंजूर केली. वर्षाला ६,००० टन चुंबक देशात बनवायचं लक्ष्य आहे. पण कारखाने उभारायलाच दोन वर्षांची मुदत आहे. म्हणजे लगेच दिलासा नाही.

तोवर जुन्या मोटरी, हार्ड डिस्क, स्पीकर यांतल्या चुंबकाला मोल राहणार. भंगारातून निघालेली ही चुंबकं पोरांच्या हातीही पडतात, अन् इथे धोका आहे.

एकाहून जास्त चुंबकं पोटात गेली, तर ती आतड्याच्या दोन बाजूंनी एकमेकांना चिकटतात. मधलं आतडं दाबलं जाऊन त्याला भोक पडू शकतं. सुरुवातीला नुसती पोटदुखी किंवा उलटी दिसते. पोराने चुंबक गिळल्याचा संशय आला, तर एरंडेल पाजत बसू नका, शौचातून पडेल म्हणून वाट बघू नका. एक्स-रेची सोय असलेला दवाखाना लगेच गाठा.

छातीत पेसमेकर बसवलेल्यांनी असं चुंबक खिशात ठेवू नये. दोन मोठी चुंबकं जवळ आणताना बोटं चिरडतात. आदळून तुकडे उडतात, म्हणून डोळ्यांवर चष्मा हवा. ड्रिल मारू नये, भुकटी पेट घेते.

चुंबक देशात कधी बनेल ते दिल्ली ठरवेल. पोरांच्या हाताबाहेर ठेवणं मात्र आजच जमण्यासारखं आहे.