गोपनीय अहवाल : कोणापासून गोपनीय?

रायपूरच्या शंकरनगरात छत्तीसगढच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेचे कार्यालय आहे. शिक्षकांनी कसे शिकवावे, याचा विचार तेथे होतो. त्यांनी कसे शिकवले, याचा निवाडा मात्र वरिष्ठांच्या ‘गोपनीय अहवाला’त होतो. हा अहवाल गोपनीय कोणापासून, हा खरा प्रश्न आहे.

देव दत्त खटल्यात ‘चांगला’ हा शेराच बढतीच्या आड आला होता. केवळ प्रतिकूल नव्हे, तर प्रत्येक नोंद सरकारी सेवकाला कळवलीच पाहिजे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली दिला. अकोल्यातील एका अधिकाऱ्याची माहिती गिरीश देशपांडे यांनी मागितली, तेव्हा २०१२ साली त्याच न्यायालयाने सेवकाचे कामकाज ही वैयक्तिक माहिती ठरवली; व्यापक जनहित असेल तरच ती उघड व्हावी.

या दोन निर्णयांत विसंगती नाही. ज्याचा अहवाल त्याच्यापासून तो लपवणे हे नोकरशाहीचे हत्यार आहे. तो चव्हाट्यावर मांडणे हा न्याय नव्हे. २०१० साली ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने परीक्षांच्या आकड्यांवरून सुमारे ६,००० शिक्षकांचे मूल्यमापन नावानिशी छापले. वर्गामागील दारिद्र्य अशा यादीत दिसत नाही.

पालकांना जाणण्याचा हक्क निःसंशय आहे. म्हणून रिक्त पदे, पटसंख्या, अशैक्षणिक कामांचे दिवस आणि तक्रारींवरील कारवाई जाहीर करा. शिक्षकाला संपूर्ण अहवाल व हरकतीचा हक्क द्या. जाहीर हिशेब प्रथम शासनाने द्यावा!