बसणे आणि जुळणे

ज्या घरांतील वडील माणसे बोटीवर अथवा आखातात नोकरीस गेली, अशा गोमंतकीय घरांतील कपाटे उघडली तर एखादा जुना कॅमेरा पुष्कळदा हाती लागतो. तपकिरी चामड्याच्या पेटीत तो कित्येक वर्षे निजलेला असतो. मुले तो बाहेर काढतात, शटर दाबतात, 'खट्' असा आवाज होतो आणि सर्वांस हर्ष होतो. परंतु आत डोकावून पाहावे तो प्रकाश दाखविणारी सुई जागची हलत नाही. मग घरातील कोणीतरी जाणते माणूस म्हणते, "याचा सेल आता कुठे मिळत नाही, बाबा!" आणि कॅमेरा पुन्हा कपाटात जातो, क्वचित भंगारवाल्याच्या तागडीतही जातो.

सेल मिळत नाही म्हणून चांगले यंत्र टाकून द्यावे, ही आमच्या मते एक चूक होय. मापात बसेल तो कोणताही सेल घालून यंत्र सुरू झाले असे मानावे, ही दुसरी चूक. पहिलीपेक्षा दुसरी अधिक फसवी आहे. कारण ती केल्याचे आपल्यास लगेच कळत नाही. या दुसऱ्या चुकीविषयी आम्हांस थोड्या अधिकाराने लिहिता येते, कारण ती आम्ही स्वतः केली आहे.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्या शाळेची जुनी कौलारू इमारत पाडावयाची ठरली. तिची आठवण राहावी म्हणून छायाचित्रण मंडळाच्या मुलांनी एक फिल्म रोल तिच्यावर खर्च करावा, असे आम्ही सुचविले आणि थोरल्या काकांनी बोटीवर असताना आणलेला जपानी कॅमेरा त्यांच्या हाती दिला. रोलमध्ये चित्रे छत्तीसच. तेव्हा प्रत्येक चित्रापूर्वी मुलांनी क्षणभर थांबून विचार करावा, हा आमचा हेतू. सेलाची जागा रिकामी होती. आम्ही बाजारातून खेळण्यांत घालतात तो लहान बटन सेल आणला. तो जागेत सैल बसला, म्हणून भोवती पन्नीची घडी दाबली. सुई हलली. आम्हांस वाटले, काम झाले!

त्या वेळी मंडळातील नववीची एक मुलगी कॅमेऱ्याबरोबरची जुनी माहितीपुस्तिका वाचीत बसली होती. ती म्हणाली, "सर, पुस्तकात एक पूर्णांक पस्तीस शतांश व्होल्ट असे आहे, आणि तुमच्या सेलावर तर दीड लिहिले आहे." आम्ही कॅमेऱ्याचे झाकण लावीत म्हणालो, "अगो बाय, एवढ्याशाने काय होते?" ती गप्प बसली.

शाळेच्या शेवटच्या दिवशी सकाळी साडेसहा वाजता आमचे जुने शिपाई, ज्यांना सारी शाळा 'मामा' म्हणते, पडवीतील पितळी घंटेपाशी उभे राहिले आणि त्यांनी त्या जागी अखेरची घंटा दिली. समोर मंडळाच्या तीन मुलांवाचून कोणी नव्हते. मोबाइल शाळेत आणावयाचा नाही, हा नियम आमचाच. मुलांनी मामांची चार चित्रे घेतली. तीन आठवड्यांनी मुंबईहून फिल्म धुऊन आली ती पातळ, जवळजवळ कोऱ्या काचेसारखी. छापील चित्रांत उजेडातले अंगण दिसते, पडवीचे खांब ओळखू येतात. परंतु मामांच्या चेहऱ्याच्या जागी केवळ एक काळोखी उरली आहे. इमारत तोवर जमीनदोस्त झाली होती.

आम्ही कलाशाखेचे पदवीधर. विजेचे गणित आम्हांस परके. म्हणून विज्ञानाच्या शिक्षकांकडे गेलो. त्यांनी मल्टिमीटर लावून तो सेल तपासला आणि फार सोप्या शब्दांत समजावून सांगितले. जुन्या कॅमेऱ्यातील प्रकाशमापकात कॅडमियम सल्फाइडचा एक लहानसा तुकडा असतो. त्याच्यावर उजेड पडला की त्याचा विजेस होणारा विरोध कमी होतो, प्रवाह वाढतो आणि सुई सरकते. सुईला प्रकाश दिसत नाही. तिला केवळ विजेचा प्रवाह कळतो. तो प्रवाह उजेडामुळे वाढला की सेल जोरकस असल्यामुळे वाढला, हे तिने कसे ओळखावे? दीड व्होल्ट म्हणजे १.३५ व्होल्टपेक्षा शेकडा अकरा अधिक. त्या जादा जोरामुळे सुई म्हणाली, 'उजेड भरपूर आहे'. कॅमेऱ्याने आपले छिद्र लहान केले. आणि फिल्मला हवा त्याहून कमी प्रकाश मिळाला. मुलीचा आक्षेप अक्षरशः बरोबर होता.

मग मूळचा सेल कोणता, आणि तो गेला कोठे? तो होता पाऱ्याचा सेल. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ च्या सुमारास, अमेरिकन संशोधक सॅम्युएल रूबेन यांनी त्यास व्यवहारोपयोगी रूप दिले. एका बाजूस जस्त आणि दुसऱ्या बाजूस पाऱ्याचे ऑक्साइड, अशी त्याची घडण. त्याचा मोठा गुण असा की पहिल्या दिवसापासून जवळजवळ अखेरच्या दिवसापर्यंत तो १.३५ व्होल्टच देत राही, आणि संपला म्हणजे एकदम संपे. या इमानदारीवर विसंबून १९६० नंतरच्या कॅमेरे बनविणाऱ्यांनी व्होल्टेज स्थिर राखणारे निराळे मंडल यंत्रात घातलेच नाही. १९६६ साली निघालेले मिनोल्टा एसआरटी १०१ आणि रोलाय ३५, तसेच १९७२ चा ऑलिंपस ओएम १, हे सारे याच सेलावर चालणारे. सेल कधी नाहीसा होईल, हा विचार त्या कारागिरांच्या मनाला शिवला नसावा.

तो नाहीसा झाला, आणि आमच्या मते तो झाला हेच योग्य झाले. जपानमधील मिनामाता या किनाऱ्यावरील गावी एका रासायनिक कारखान्याचे पारायुक्त सांडपाणी वर्षानुवर्षे समुद्रात जात होते. मासळीत पारा साचला, ती मासळी कोळ्यांच्या कुटुंबांनी खाल्ली आणि माणसांचे हातपाय, वाचा, दृष्टी लुळी पडली. मातेच्या उदरातील अर्भकेही सुटली नाहीत. १९५६ साली या रोगाची अधिकृत नोंद झाली. तो पारा सेलांतला नव्हता, हे खरे. परंतु पारा पाण्यात गेला म्हणजे काय होते हे जगाने तेथे पाहिले. अमेरिकेने १९९६ च्या कायद्याने पाऱ्याच्या ऑक्साइडचे बटन सेल विकण्यास बंदी केली. युरोपात २००० पासून तसेच झाले. पाऱ्याविषयीचा आंतरराष्ट्रीय करार २०१३ साली झाला. त्यास मिनामाताचेच नाव दिले आहे. तो २०१७ मध्ये अमलात आला आणि भारताने २०१८ मध्ये त्यास मान्यता दिली. रोजच्या जेवणात ज्यांच्या पानावर मासळीची कढी असते, अशा आम्हां किनाऱ्यावरील लोकांनी तरी एका सुईच्या सोयीसाठी पाऱ्याचा हट्ट धरू नये. काही हौशी लोक आजही जुन्या साठ्यातले सेल हुडकीत फिरतात. त्यांचे अनुकरण करण्याजोगे नाही.

दूध मिळत नसेल तर तहान ताकावर भागवावी लागते; परंतु ताक कोणते हे पाहून घ्यावे. येथे विद्यार्थ्यांनी एक खूण लक्षात ठेवावी. एलआर ४४, एसआर ४४ आणि पीआर ४४ असे तीन बटन सेल आहेत. तिघांचेही माप तेच : व्यास ११.६ मिलिमीटर, जाडी ५.४ मिलिमीटर. गणवेष एक, स्वभाव तीन! पहिल्या अक्षरावरून स्वभाव कळतो. 'एल' म्हणजे अल्कलाइन : आरंभी दीड व्होल्ट, पण वापराबरोबर उतरत जाणारा, म्हणून मापनाच्या कामास तो सर्वांत अविश्वासू. आम्ही घातला तो हाच. 'एस' म्हणजे सिल्व्हर ऑक्साइड : १.५५ व्होल्ट, परंतु अखेरपर्यंत स्थिर. 'पी' म्हणजे जस्त आणि हवा यांवर चालणारा, सुमारे १.४ व्होल्टचा, तोही बराच स्थिर. जुन्या पाऱ्याच्या सेलाचे अक्षर 'एम' होते.

यांपैकी पीआर ४४ हा सेल कोठे मिळतो हे ऐकून वाचकांस नवल वाटेल. ज्या दुकानात कानाची यंत्रे मिळतात तेथे तो ६७५ या क्रमांकाने मिळतो, आणि त्याच्या पाठीवर निळी चिकटपट्टी असते. पट्टी काढली की बारीक छिद्रांतून हवा आत जाते आणि काही मिनिटांत सेल जागा होतो. जुन्या सेलाहून तो आकाराने लहान असल्यामुळे त्याच्याभोवती रबरी कडे घालावे लागते. त्याचा दोष एवढाच की एकदा जागा झालेला हा सेल वापरा अथवा न वापरा, काही आठवड्यांत, फार तर दोन-तीन महिन्यांत, संपतो. आणि आपल्याकडील पावसाळी दमट हवा त्यास मानवत नाही. ज्यांस टिकाऊ उपाय हवा, त्यांनी सिल्व्हर ऑक्साइडचा सेल घेऊन कारागिराकडून आत एक शॉटकी डायोड बसवून घ्यावा. तो सुमारे दोन दशांश व्होल्ट खाऊन टाकतो आणि १.५५ चे १.३५ करून देतो. कारागीर जाणता असेल तर तो प्रकाशमापकच नव्या व्होल्टेजशी जुळवून देऊ शकतो.

मात्र आधी आपला कॅमेरा कोणत्या जातीचा ते पाहावे. १९६४ च्या पेंटॅक्स स्पॉटमॅटिकमधील मंडल असे योजलेले आहे की सेलाच्या व्होल्टेजमध्ये थोडा फरक पडला तरी माप चुकत नाही. तेथे डायोड वगैरेची खटपट व्यर्थ. १९६७ च्या ऑलिंपस ट्रिप ३५ ला सेलच लागत नाही. भिंगाभोवतीची सेलेनियमची तबकडी उजेडातूनच वीज निर्माण करते. आणि वडोदऱ्यास तयार होऊन एके काळी भारतातील असंख्य घरांत पोचलेल्या आग्फा क्लिक तीनमध्ये तर सुईही नव्हती आणि सेलही नव्हता. त्याच कॅमेऱ्याने आपल्या आजी-आजोबांची लग्ने आणि मुंजी टिपल्या. त्या चित्रांतील चेहरे अद्याप ओळखू येतात.

ते कसे? घेणाऱ्याच्या डोळ्यास उजेड वाचता येत होता म्हणून. हा नियम अगदी साधा आहे. स्वच्छ उन्हात छिद्र एफ १६ वर ठेवावे आणि फिल्मचा वेगांक जेवढा असेल तेवढ्याव्या भागाइतका सेकंद शटर उघडावे. वेगांक १०० असेल तर १/१२५, वेगांक ४०० असेल तर १/५००. ऊन पांढुरके झाले तर एफ ११, आभाळ आले तर एफ ८, दाट झाकोळले तर एफ ५.६ आणि मोकळ्या सावलीत एफ ४. ज्यांचे शटर केवळ कमानीवर चालते, अशा सर्व जुन्या कॅमेऱ्यांत सेलावाचूनही एवढ्या नियमावर उत्तम चित्रे निघतात. आम्हांस तर वाटते की मंडळाच्या प्रत्येक मुलाने पहिला रोल सेल काढून ठेवूनच वापरावा. म्हणजे पुढे सुई खोटे बोलली तर ते त्यास तत्काळ ओळखता येईल.

घरोघरच्या पालकांस दोन शब्द. कॅमेरा ठेवून देताना सेल काढून ठेवावा. तो पाझरला तर आतील पितळी पट्ट्यांवर खार चढतो. चढलाच तर कापसाच्या बोळ्यावर थोडा पांढरा शिरका घेऊन हलक्या हाताने पुसावा. बटन सेल लहान मुलांच्या हाती कदापि लागू देऊ नये; गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही ती भाजून निघते, म्हणून क्षणाचाही विलंब न करता इस्पितळ गाठावे. जुन्या कॅमेऱ्यात पाऱ्याचा सेल निघाला तर तो विहिरीकाठी, शेतात अथवा रोजच्या कचऱ्यात टाकू नये. वेगळ्या डबीत ठेवून घातक कचरा गोळा करणाऱ्यांच्या स्वाधीन करावा.

शाळा पुन्हा सुरू झाली तेव्हा आम्ही मंडळाच्या पहिल्या सभेत त्या मुलीचा आक्षेप बरोबर होता आणि आमचे उत्तर चुकीचे होते, असे सर्वांसमक्ष सांगितले. शिक्षकाने असे सांगितल्याने त्याचे वजन कमी होते, असे काहींचे मत आहे. आमचे तसे नाही. त्या दिवशी आम्ही पुस्तिका हाती घेऊन दोन मिनिटे वाचली असती, तर मामांचा चेहरा राहिला असता. मुलांच्या प्रश्नास 'एवढ्याशाने काय होते' हे उत्तर आम्ही पुन्हा देणार नाही, एवढे तरी त्या काळोख्या चित्रांनी आम्हांस शिकविले.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मुलांसह मामांच्या घरी गेलो. कॅमेऱ्यात ६७५ क्रमांकाचा सेल होता. मामा अंगणात माडाच्या सावलीत बसले. त्या मुलीने आधी आभाळाकडे पाहून मनाशी आकडा ठरविला, मग सुई पाहिली. दोन्ही जुळले, तेव्हाच तिने शटर दाबले. चित्र उत्तम आले आहे. त्यात मागे शाळेची पडवी नाही, घंटा नाही. परंतु मामांच्या डोळ्यांभोवतीची प्रत्येक सुरकुती त्यात मोजून घ्यावी.