हरवलेला वारस कीं विसरलेला वारस?

गेल्या सहामाहींत मीं नववीच्या वर्गास घरीं करण्यासाठीं एक काम दिलें होतें. प्रत्येकानें आपल्या घराण्याच्या चार पिढ्या लिहून आणाव्या, एवढेंच. वह्या तपासतांना एक गोष्ट मनास लागून राहिली. पणजोबांचें नांव बहुतेकांनीं आणिलें होतें, पणजीचें थोड्यांनीं, आणि आजोबांच्या बहिणींचीं नांवें आणणारे विद्यार्थी बोटांवर मोजण्याइतके. एका वहींत ‘आजोबांस बहीण नव्हती’ असें ठाम वाक्य होतें. दोन दिवसांनीं त्याच मुलानें तें खोडून ‘तीन होत्या’ असें लिहून आणिलें. त्या खाडाखोडीवरून हा लेख सुचला.

इंग्लंड, फ्रान्स इत्यादि देशांत बेवारशी मिळकतीचे वारस हुडकून काढणें हा एक स्वतंत्र धंदा आहे. एखादा मनुष्य मृत्युपत्र न करितां वारला व त्याचें जवळचें कोणी पुढें आलें नाहीं, म्हणजे हे शोधक जन्म, विवाह व मृत्यु यांच्या नोंदी, शिरगणतीचीं पत्रकें, चर्चमधील बाप्तिस्म्याचीं रजिस्टरें चाळून वंशवृक्ष जुळवितात. अलीकडे डीएनए परीक्षेचेंहि साह्य घेतात. आपल्याकडे अशा धंद्याचें नांव फारसें ऐकूं येत नाहीं; पण साधनें मात्र उदंड आहेत. त्र्यंबकेश्वराच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेत, दक्षिण महाराष्ट्रांत फिरणाऱ्या हेळव्यांच्या वंशावळी आहेत, पुण्याचें पेशवे दप्तर आहे. खरा वारस शोधावा लागतो, तसा खोटाहि ओळखावा लागतो, हें महाराष्ट्रानें पूर्वींच अनुभविलें आहे. १७६१ सालीं पानिपतावर सदाशिवरावभाऊ नाहींसे झाले. पुढें त्यांचा तोतया उभा राहिला, आणि १७७६ सालीं त्यास देहान्त शिक्षा होईपर्यंत राज्यांत केवढी खळबळ माजली!

आपल्या चिंचवडासहि हा प्रश्न नवा नाहीं. १८८५ सालीं छापलेल्या पुणें जिल्ह्याच्या गॅझेटियरांत अशी हकीकत आहे कीं, मोरया गोसावींच्या वंशांतील सातवे देव १८१० सालीं निपुत्रिक वारले, तेव्हां देवस्थानाचें उत्पन्न चालू राहावें म्हणून दूरच्या नात्यांतील एका पुरुषास गादीवर बसविण्यांत आलें. उत्पन्न असलें म्हणजे दूरचें नातेंहि आठवतें, हा त्यांतील बोध आहे.

हाच बोध आज पिंपरीपासून चाकणपर्यंत घरोघर मिळत आहे. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना निघाला. १९६२ सालीं औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें. आणि पाहतां पाहतां जेथें बाजरी व कांदा पिकत होता तेथें मोटारगाड्या तयार होऊं लागल्या. जमिनीस मोल आलें आणि सात-बाराच्या उताऱ्याकडे सर्वांचे डोळे लागले. त्या उताऱ्यांत पुष्कळ ठिकाणीं थोरल्या भावाच्या नांवामागें ‘ए. कु. म.’ अशीं अक्षरें आढळतात. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, हा त्यांचा अर्थ. म्हणजे नांव एकाचें, हक्क सर्वांचा; पण पुढल्या पिढीस अक्षरांचा अर्थ उमगत नाहीं आणि नांव तेवढें उरतें. बहिणींचीं नांवें कोठें ‘इतर हक्क’ या रकान्यांत बसविलेलीं, तर कोठें मुळींच नाहींत.

माझ्या एका माजी विद्यार्थ्याच्या घरची गोष्ट सांगतों. त्यांची शेतजमीन संपादनांत गेली. मोबदल्याच्या वेळीं कळलें कीं, आजोबांच्या एका बहिणीचें नांव कागदावर नाहीं. ती आळंदीपलीकडे, तीन-चार कोसांवर नांदत होती. पण घरच्यांस पत्ता ठाऊक नव्हता. पत्ता होता एका जमीन-दलालास. त्यानें अगोदर जाऊन थोडे पैसे तिच्या हातावर ठेविले व कुलमुखत्यारपत्रावर आंगठा घेतला. मग दावा झाला, मोबदला अडकला, आणि निकाल लागण्यापूर्वींच ती वृद्धा वारली. तिचा मुलगा मला म्हणाला, “गुरुजी, मामांनीं एकदां येऊन विचारलें असतें, तर आईनें चहा पाजून सही दिली असती.”

कायदा याबाबतींत संदिग्ध नाहीं. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानें मुलगी बापाच्या मिळकतीची वारस ठरली. २००५ च्या दुरुस्तीनें एकत्र कुटुंबाच्या मिळकतींतहि तिला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. आणि त्या दुरुस्तीच्या दिवशीं बाप हयात असलाच पाहिजे असें नाहीं, हें सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं स्पष्ट केलें. आम्हां ख्रिस्ती लोकांस लागू असलेल्या १९२५ च्या कायद्यांत मुलगा व मुलगी यांचा वांटा सारखाच आहे. तथापि वागणूकहि सारखी आहे, असें मला छातीवर हात ठेवून म्हणवत नाहीं. सलाफहादाच्या पांच मुलींनीं मोशेपुढें उभें राहून बापाचें वतन मागितलें, ही कथा आम्ही मुलांस शिकवितों. घरच्या वंशावळींत मात्र मुलींस जागा ठेवीत नाहीं.

कोणी म्हणेल, जुनीं प्रकरणें उकरून भावाबहिणींत वितुष्ट कशास आणावें? मला उलट वाटतें. बहिणीनें जाणून-समजून हक्क सोडला तर तो तिचा मोठेपणा आहे. तिला न विचारतां गाळलें, तर वांटा गेलाच. शिवाय मोठेपणा दाखविण्याची संधीहि आपण हिरावून घेतली.

दुसरे विसरलेले वारस कामगारांचे. पोटासाठीं दूरदूरच्या मुलखांतून येथें आलेला मनुष्य अकस्मात् वारतो, आणि त्याची बँकेंतील ठेव घरच्यांस ठाऊकच नसते. दहा वर्षें कोणी न विचारलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधींत जमा होते. पण वारसाचा हक्क त्यामुळें बुडत नाहीं. अशा ठेवी शोधण्यासाठीं रिझर्व्ह बँकेनें २०२३ सालीं ‘उद्गम’ हें संकेतस्थळ उघडलें आहे. पालकांनीं त्याचा अवश्य उपयोग करावा, आणि आपल्या खात्यांवर वारसाचें नांव लाविलें आहे कीं नाहीं, हेंहि पाहावें.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं ज्यांस इतिहास व कायदा या दोहोंची गोडी असेल त्यांनीं वारसशोधनाच्या धंद्याचा विचार करावा. त्यास मोडी वाचतां आली पाहिजे, धीर पाहिजे, आणि मुख्य म्हणजे सचोटी पाहिजे. कारण हें काम प्रामाणिक मनुष्यानें केलें नाहीं तर दलाल करतो. पण आरंभ घरींच होऊं शकेल. येत्या दिवाळीच्या सुटींत आजीजवळ बसा. सर्वांचीं नांवें लिहा. माहेरचीं, सासरचीं, गांव सोडून गेलेल्यांचीं, रागावून गेलेल्यांचींहि. लिहिलेलें वडिलांस वाचून दाखवा आणि तो कागद घराच्या दस्तऐवजांत ठेवा. आजोबांस तीन बहिणी होत्या, हें कोर्टांत कळण्यापेक्षां वहींत कळलेलें बरें.