एका हाडावर थांबू नका

क्रोएशियातल्या क्रापिना इथे १८९९ ते १९०५ या काळात झालेल्या उत्खननात निअँडरथल माणसांची शेकडो हाडे मिळाली. त्यातल्या बरगडीच्या एका तुकड्यात फायब्रस डिसप्लाझिया हा हाडाचा आजार असल्याचे संशोधकांनी २०१३ साली जाहीर केले. ही बरगडी १ लाख २० हजार वर्षांहून जुनी आहे. एक्स-रे आणि मायक्रो-सीटीवरून निदान झाले, पण त्या माणसाची बाकीची हाडे कशी होती, या आजाराने त्याला किती छळले, हे मात्र सांगता आले नाही. बाकीचा सांगाडाच हाती नव्हता.

आजचा रुग्ण अख्खाच्या अख्खा डॉक्टरांसमोर बसलेला असतो. तरीही जे हाड दुखते त्याचीच फिल्म काढायची, त्यावरच निर्णय घ्यायचा आणि उरलेल्या शरीराकडे पाहायचेच नाही, ही पद्धत या आजारात फार महागात पडते. फायब्रस डिसप्लाझियाचे निदान एका फिल्मने सुरू होते, संपत नाही.

या आजारात हाडाच्या आतल्या पक्क्या रचनेची जागा तंतुमय ऊती आणि कच्चे हाड घेते. हाड फुगते, वाकते, किरकोळ पडण्यानेही मोडते. एक्स-रेवर तो भाग बाथरूमच्या खिडकीच्या धुरकट काचेसारखा दिसतो, ना धड काळा ना धड पांढरा. हा कॅन्सर नाही. त्याचे रूपांतर कॅन्सरमध्ये होण्याचे प्रमाणही एक टक्क्याहून कमी आहे. पण रिपोर्टमध्ये ‘गाठ’ हा शब्द वाचला की घरात रडारड सुरू होते आणि ‘लवकर काढून टाका’ असा आग्रह धरला जातो. काढण्याची खरोखर गरज आहे का, हा प्रश्न अशा वेळी मागे पडतो. लहान मुलाच्या हाडातला भाग खरवडून तिथे त्याच्याच कमरेचे हाड भरले, तर ते कलम पुष्कळदा विरघळून जाते आणि जुनाच आजार तिथे परततो. रेडिएशन तर अजिबात नको, कारण त्याने कॅन्सरचा धोका वाढतो.

ही झाली घाईची बाजू. उलट बाजू अधिक गंभीर आहे.

बोस्टनचे डॉक्टर फुलर अल्ब्राइट यांनी १९३७ साली काही रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. अनेक हाडांत आजार, अंगावर तपकिरी डाग आणि मुलींमध्ये अकाली पाळी, असे तिन्ही एकत्र दिसत होते. डोनोव्हन मॅक्यून यांनी त्याआधीच्या वर्षी असेच निरीक्षण नोंदवले होते. म्हणून या त्रयीला मॅक्यून-अल्ब्राइट सिंड्रोम म्हणतात. तिन्ही गोष्टींचे मूळ एकच आहे, हे १९९१ साली उलगडले. गर्भधारणेनंतर एखाद्या पेशीतल्या जीएनएएस या जनुकात बदल होतो आणि त्या पेशीपासून पुढे जितक्या पेशी तयार होतील, तितक्यांतच तो उतरतो. म्हणून कुणाचे एकच हाड बिघडते, तर कुणाची हाडे, त्वचा आणि ग्रंथी अशी सगळीच.

हा बदल आईकडून आलेला नसतो आणि बापाकडूनही नाही. मुलीचा पाय वाकला म्हणून सुनेच्या माहेरचे खानदान तपासणाऱ्या घरांत डॉक्टरांनी हे स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे.

तीन-चार वर्षांच्या मुलीला रक्तस्राव झाला, तर आई ते शेजारणीलाही सांगत नाही. पाठीवरचा दातेरी कडांचा तपकिरी डाग ‘लास आहे’ म्हणून सोडून दिला जातो. वर्षभराने तीच मुलगी लंगडू लागते, तेव्हा हाडाच्या डॉक्टरांपुढे फक्त मांडीची फिल्म येते. तिचा फ्रॉक वर करून पाठ पाहायला आणि आईला बाजूला घेऊन दोन प्रश्न विचारायला पाच मिनिटे पुरतात. ती पाच मिनिटे गर्दीच्या ओपीडीतही काढलीच पाहिजेत. थायरॉइड आणि फॉस्फेट याही रक्ताच्या साध्या तपासण्या आहेत. बिघडलेल्या हाडातून एफजीएफ-२३ हा संप्रेरक जास्त पाझरला, तर लघवीवाटे फॉस्फेट वाहून जाते आणि हाडे आणखी मऊ पडतात. ते ओळखले नाही, तर कॅल्शियमच्या बाटल्या रिकाम्या करूनही उपयोग नसतो. आणखी कुठली हाडे बिघडली आहेत, हे बोन स्कॅन एकाच वेळी दाखवतो.

बायोप्सी प्रत्येकाला लागतेच असे नाही. फिल्म नेहमीच्या ठशातली असेल, तर अनुभवी रेडिओलॉजिस्ट तिच्यावरून सांगू शकतो. शंका असेल तेव्हा मात्र तुकडा तपासावाच, कारण हाडाच्या कॅन्सरचा एक मंद प्रकार सूक्ष्मदर्शकाखालीही जवळजवळ असाच दिसतो. पॅथॉलॉजिस्टकडे तुकड्याबरोबर फिल्मही गेली पाहिजे. नुसत्या काचपट्टीवरून मत मागणे हा त्याच्यावर आणि रुग्णावर अन्याय आहे. जनुकाची चाचणीही बिघडलेल्या हाडाच्या तुकड्यावर करावी. रक्तात बदल सापडला नाही म्हणून आजार नाही, असे म्हणता येत नाही.

कवटीच्या हाडात आजार असला की सीटी स्कॅनमध्ये डोळ्याच्या नसेभोवतीचा मार्ग अरुंद झालेला दिसतो आणि सगळे हादरतात. अशा रुग्णांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. नस हाडाने वेढलेली असूनही बहुतेकांची दृष्टी शाबूत होती. तेव्हा केवळ स्कॅन पाहून नस मोकळी करायला जाऊ नये. नेत्रतज्ज्ञाकडून नजर नियमित तपासून घ्यावी आणि ती खरोखर ढळू लागली तरच शस्त्रक्रियेचा विचार करावा.

जिल्हा रुग्णालयांनी यासाठी एक नियम आजच लागू करावा. हाडात असा भाग दिसलेल्या प्रत्येक मुलाच्या डिस्चार्ज कार्डावर त्वचा, पाळी, थायरॉइड, फॉस्फेट आणि इतर हाडे यांची नोंद असावी, आणि मूळ फिल्म पालकांच्या हाती द्यावी.