पेशवाईचा अर्धाच इतिहास का छापता?

बाळाजी विश्वनाथ, बाजीराव, नानासाहेब, माधवराव. पेशवे घराण्यातील पुरुषांची चरित्रे मराठीत पिढ्यान्‌पिढ्या निघत आहेत आणि बहुतेकांचा साचा एकच आहे. बापामागून मुलाला वस्त्रे मिळतात, तो स्वाऱ्या करतो, तह करतो, मरतो. घरातल्या बायका लग्नापुरत्या आणि सुतकापुरत्या येतात. असे चरित्र राजकारणाचा इतिहास म्हणूनच चुकीचे ठरते, असा आमचा आक्षेप आहे. शाहू छत्रपतींनी १७१३ साली बाळाजी विश्वनाथांना दिलेले पद त्यांच्या घराण्यात वंशपरंपरेने चालले. सत्ता रक्ताच्या नात्याने उतरू लागली की सोयरीक, बाळंतपण, वैधव्य, मुलाचे अज्ञान वय या साऱ्या दौलतीच्या बाबी होतात, आणि त्यांचा निर्णय माजघरातही होतो. १७३५ साली बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई उत्तरेच्या यात्रेला निघाल्या. उदयपूर-जयपूरच्या दरबारांनी त्यांचा सन्मान केला, आणि पुढच्याच वर्षी बाजीराव त्याच राजांशी बोलणी करायला राजपुतान्यात गेले. चरित्रकार ही भेट रंगवतात, यात्रेला मात्र एखादी ओळ देतात. पानिपतानंतर सोळा वर्षांच्या माधवरावांच्या नावाने कारभार सुरू झाला, तेव्हा चुलते राघोबादादा यांना तोंड देत मुलाची बाजू सांभाळली ती आई गोपिकाबाईंनी. पुढे त्यांचे मुलाशीच बिनसले आणि त्या नाशिककडे निघून गेल्या, हेही राजकारणच होते.

माधवरावांमागून पेशवे झालेले त्यांचे धाकटे भाऊ नारायणराव यांच्या खुनानंतरचे वर्ष घ्या. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात खून झाला. न्यायाधीश रामशास्त्र्यांनी दोषी ठरवले ते राघोबांना. लोकांच्या तोंडी मात्र त्यांच्या पत्नी आनंदीबाईंनी पत्रातले अक्षर बदलल्याची गोष्टच राहिली. बाईला इतिहासात जागा मिळते ती अशी, पुरुषाच्या अपराधाचे ओझे वाहायला. राघोबांविरुद्ध एकत्र आलेल्या कारभाऱ्यांनी, म्हणजे बारभाईंनी, नारायणरावांच्या गर्भवती विधवेला, गंगाबाईंना, पुरंदरावर नेले आणि त्यांच्या नावाने कारभार चालवला. १८ एप्रिल १७७४ रोजी मुलगा झाला आणि चाळीस दिवसांचा असताना तो पेशवा झाला. मुलगी झाली असती तर बारभाईंतील नाना फडणीसांच्या साऱ्या मसलतीचा पायाच निघून गेला असता. तरीही या प्रकरणात नायक म्हणून उभे राहतात ते केवळ नाना.

यावर कोणी म्हणेल की फौजा पुरुषांनी नेल्या, शिक्के त्यांचे, तहांवर नावे त्यांची. खरे आहे, आणि निजामाविरुद्धचे पालखेडचे यश बाजीरावांचेच आहे. पण चरित्र म्हणजे शिक्क्यांची यादी नव्हे. शिक्का कोणाच्या हाती आणि कशामुळे आला, हे सांगणे चरित्रकाराचे पहिले काम. दुसरा आक्षेप साधनांचा. बायकांविषयी कागद फार थोडे, असे सांगण्यात येते. थोडे आहेत हे मान्य; पण जे आहेत तेही वाचले जात नाहीत, ही आमची तक्रार. इतिहासकार सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड संपादित केले, राजवाड्यांनी त्याआधीच साधनांचे खंड काढले होते. त्यांतील घरगुती पत्रे ‘खासगी’ म्हणून बाजूला टाकायची आणि वर पुरावा नाही म्हणायचे, हा न्याय आम्हाला मान्य नाही. पेशव्यांवरील प्रत्येक पुस्तकाच्या नव्या आवृत्तीत पुरंदरावरच्या त्या महिन्यांना पालखेडइतकीच पाने द्यावीत, ही लेखक-प्रकाशकांकडे आमची जाहीर मागणी आहे.