घाटवाटा आणि पायऱ्यांचा आग्रह



सह्याद्रीतील पायवाटा हौशी गिर्यारोहकांनी पाडल्या असून त्या सिमेंटच्या पायऱ्यांनी पक्क्या कराव्यात, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे प्रतिपादन इतिहासाला धरून नाही. घाटवाट म्हणजे देश आणि कोकण यांना जोडणारी, खिंडीतून किंवा नाळेतून, म्हणजे पाण्याने कोरलेल्या अरुंद घळीतून, उतरणारी जुनी वहिवाट. जुन्नरजवळचा नाणेघाट सातवाहनकाळी, सुमारे २००० वर्षांपूर्वी, वाहता होता. तेथील लेण्यात यज्ञ आणि दाने यांची नोंद करणारा नागनिका राणीचा ब्राह्मी लेख कोरला गेला, तो काही निर्जन आडरानात नव्हे.

अशा वाटांवर दगड चुन्याशिवाय रचलेले असल्याने पावसाचे पाणी फटींतून झिरपते. सिमेंटवरून मात्र ते वेगाने घसरून कडेची माती नेते आणि पायऱ्या अधांतरी राहतात. १,६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईवर उभ्या कातळाच्या टप्प्यांना लावलेल्या लोखंडी शिड्या हा समर्थनीय अपवाद होय. उर्वरित वाटांसाठी पावसाळ्यानंतर झुडपे छाटणे आणि निखळलेले दगड पुन्हा बसवणे एवढे काम पुरेसे असून, त्याची मजुरी ठेकेदारापेक्षा पायथ्याच्या गावकऱ्यांना मिळणे अधिक न्याय्य ठरेल.

— एक वाचक