दहा वाजले, आता पुरे!

तुळशीचं लग्न लागलं की आपल्या शेगाव, खामगाव, चिखलीकडे दोन गोष्टी सोबतच सुरू होतात. एक लग्नसराई अन् दुसरी आपली हिवाळी परीक्षा. त्यात होस्टेलच्या मागेच मंगल कार्यालय असेल तर विचारूच नका! एम-थ्रीच्या आदल्या रात्री साडेअकरापर्यंत डीजे चालू, खिडकीच्या काचा थरथरताहेत आणि आम्ही लाप्लास घेऊन बसलेलो. निकालाचं जाऊ द्या.

मित्रांनो, कायदा आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, बाजारपेठेत ६५ आणि ५५. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. ठाण्याच्या डॉ. महेश बेडेकरांच्या याचिकेवर २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयानेही हे नियम पाळायला लावा, असं सरकारला बजावलं.

आता थोडं आपलं इंजिनिअरिंग. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. दहा मीटरवर ९५ असेल, तर १६० मीटरवरही ७१ उरतो. म्हणजे "कार्यालय लांब आहे" या म्हणण्यात काही दम नाही.

पण कार्यालयवाल्याचंही ऐकायला हवं. त्याची वर्षाची कमाई मोजक्या मुहूर्तांवर. वरातीतली पोरं त्याचं ऐकत नाहीत. म्हणून भांडण मुहूर्ताच्या रात्री नको, बोलणं सराईच्या आधी हवं. रेक्टर सर, आपले दोन प्रतिनिधी आणि मोहल्ल्यातली वडीलधारी मंडळी जाऊन बसा. परीक्षेचं टाईमटेबल त्यांच्या हातात द्या. बुकिंगच्या पावतीवरच 'दहानंतर स्पीकर बंद' ही अट छापा, मोडली तर डिपॉझिट कापा. स्पीकरची तोंडं वस्तीकडून फिरवा, जनरेटर दुसऱ्या बाजूला न्या. एवढं करूनही ऐकलं नाही, तर ११२ आहेच.

आणि एक सांगू? रात्री बारा वाजता कॉरिडॉरमध्ये बर्थडेचा धिंगाणा कोण घालतो? सायलेन्सर काढलेली गाडी कोणाची? शेजारच्या घरातल्या आजीला डीजे काय अन् आपण काय, सारखेच. तेव्हा कार्यालयात बोलायला जाण्याआधी दहानंतरचा आपला आवाज बंद करू. मगच आपल्या बोलण्याला वजन येईल.